‘आधी’साठी एक मुलगी

औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत पिंपीच्या आईचं वजन कमी करायचं केंद्र होतं. तिथे आईला सगळे मॅडम म्हणत, आणि घरी आल्यावर चपला दाराबाहेर राहिल्या तरी मॅडमपणा आत यायचाच. जिना चढून वर गेलं की पहिल्यांदा वजनाचा काटा, मग उभा आरसा, मग काउंटर. काउंटरवर खाली तोटी लावलेली एक मोठी काचेची बरणी असे. बरणीत काकडीच्या चकत्या, पुदिन्याची चार पानं आणि पाणी. मॅडमनी त्याला ‘हलकं पाणी’ असं नाव दिलं होतं आणि ते बाटल्यांत भरून त्या विकत. हे पाणी येतं कुठून, असं विचारायची कुणाची टाप नव्हती. ते मागच्या मोरीतल्या नळाचं होतं. रोज सकाळी पिंपीच बादली भरून आणून बरणीत ओतायची.

पिंपी हे नावही आईनंच पाडलेलं. लहानपणी लाडानं, पुढे लाड वजा करून.

आणि खाली रस्त्यावर, जिन्याच्या दाराला लागून असलेल्या काचेच्या खिडकीत, पिंपी स्वतः होती. चांगली पुरुषभर उंचीची. पिवळा शर्ट, बटणांमधून डोकावणारं पोट, पडलेले खांदे, तेलकट केस आणि आत्ता रडेल की मग, अशा बेतातला चेहरा. वर ठळक अक्षरात ‘आधी’. शेजारी तेवढीच मोकळी पांढरी जागा आणि तिच्यावर ‘नंतर : लवकरच!’ उद्गारचिन्हासकट. समोरच बसथांबा होता. शाळेची मुलं तिथेच उभी राहत. कुणीतरी काचेवर पिंपीला मिशा काढल्या, तेव्हा मॅडम स्वतः ओलं फडकं घेऊन खाली उतरल्या आणि त्यांनी मिशा हलक्या हातानं पुसून काढल्या. लेकीचा चेहरा इतक्या मायेनं त्यांनी एरवी कधी पुसला असेल, तर ते कुणी पाहिलेलं नाही.

तो फोटो मामानं काढला होता. मामा म्हणजे मॅडमचा धाकटा भाऊ. त्याचा पुढच्या चौकात फोटो स्टुडिओ होता आणि स्वभाव असा विनोदी की त्याच्या विनोदांवर तो एकटाच हसे. वाढदिवसाचा छान फोटो काढू या, असं सांगून त्यानं भाचीला नेलं होतं. आपल्या स्टुडिओतला एक शर्ट तिला दिला. मग पाण्याचा जग पुढे केला. “पी सगळं. पाण्यानं चेहऱ्यावर तेज येतं.” पिंपी भोळी, तिनं जग तळापर्यंत रिकामा केला. पोट ढोलासारखं तट्ट फुगलं. मग मामा म्हणाला, “आता श्वास सोड. अजून सोड. खांदे पाड.” वाढदिवसाच्या फोटोत खांदे कशाला पाडायचे, हे तिला कळलं नाही. आठवड्याभरात काचेत पाहिलं तेव्हा कळलं.

तेव्हापासून तिची एकच इच्छा होती. तो फोटो खाली यावा. बारीक व्हायचं, सुंदर दिसायचं, नाचायचं वगैरे सगळं नंतर. आधी त्या काचेतून बाहेर पडायचं.

“आई, तो काढ ना तिथून.”

“तू बारीक हो, मग काढते.”

“नक्की?”

“मी काय खोटं बोलते?” असं मॅडम बरणीत काकडी टाकता टाकता म्हणाल्या.

बारीक होण्याचा आईचा मार्ग सोपा होता. जेवणाच्या आधी बाटलीभर हलकं पाणी ढोसायचं, म्हणजे पोटात जेवायला जागाच उरत नाही. पिंपी ढोसायची. जेवताना मळमळायचं, दुपारी भुकेनं जीव कासावीस व्हायचा, आणि मग ती शाळेतल्या मशिनमधून गोड फसफसणाऱ्या पेयाच्या बाटल्या काढून प्यायची, एकीवर एक. वजन जागचं हलेना. “माझ्याच पोटची आणि माझंच नाक कापते,” असं मॅडम गिऱ्हाइकांसमोर म्हणत. गिऱ्हाइकं हसत, कारण निदान आपण त्या काचेत नाही याचा त्यांना आनंद होई.

चष्मी तिची बाकावरची मैत्रीण. जाड भिंगांचा चष्मा, जाड दंड, जाड वेणी, आणि आपण जाड आहोत याचं दुःख करायला मुळीच फुरसत नसलेली मुलगी. तिचे वडील बस चालवत, नेमकी त्याच मार्गावरची. आई नव्हती. थांब्यावर पिंपी उभी दिसली की चष्मीचे बाबा दोनदा हॉर्न वाजवत, पीं पीं, आणि दार उघडून म्हणत, “बघ, आमची बससुद्धा तुला नावानं हाक मारते!” अख्ख्या रस्त्यावर पिंपीला ते नाव आवडायचं ते तेवढ्यापुरतंच. चष्मी बाबांच्या मागच्या सीटवर दप्तर ठेवून तिची जागा धरून बसलेली असे.

काचेतल्या फोटोवरून कुणी काही बोललं की चष्मी उलटून बोलायची. एकदा एका मुलानं बसमध्ये पिंपीला पाहून पडल्या खांद्यांची नक्कल केली, तर चष्मीनं त्याला म्हटलं, “तू आणखी जरा खांदे पाड, म्हणजे मान गळून पडेल आणि सगळ्यांची सुटका होईल.” बाबांनी आरशातून पाहिलं आणि ऐकलंच नाही असं दाखवलं.

शाळेच्या नर्सबाईंकडे तिला ओढत नेलं तेही चष्मीनंच, पिंपीला वर्गात चक्कर आली तेव्हा. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“पाण्यानं चरबी वितळत नाही गं बायांनो. पाणी म्हणजे काय साबण आहे का? त्या गोड बाटल्या पिता ना, त्यांच्या जागी साधं पाणी प्या. तहान लागली की प्या, खेळून आल्यावर प्या. ढसाढसा ओतू नका. जेवण तर अजिबात सोडायचं नाही, वाढतं वय आहे तुमचं. पोटभर जेवा, चाला, झोपा. होईल हळूहळू. आणि नाही झालं फारसं, तरी आभाळ कोसळत नाही.”

शेवटचं वाक्य चष्मीनं ऐकलं. पिंपीनं ऐकलं नाही.

दोघींनी एक स्टीलची बाटली घेतली. मशिनकडे पाठ फिरवायची, तहान लागली की बाटली काढायची, एक घोट तू, एक घोट मी. संध्याकाळी बस सोडून चालत घरी यायचं. पहिले काही दिवस पिंपीचं डोकं दुखलं आणि साखरेसाठी जीव तळमळला. चष्मीनं तिला गप्पांत गुंतवून मशिनसमोरून पुढे नेलं. घरी आई जेवणाआधी हलकं पाणी पुढे करी तेव्हा पिंपी बाटली हातात घेऊन मोरीत जायची आणि मोरीतून आलेलं ते पाणी मोरीतच परत पाठवायची. मग नीट जेवायची.

आणि झालं. चुटकीसरशी नाही, पण ऋतू पालटला तसे तिचे कपडेही सैल झाले. धाप लागेना, झोप शांत लागू लागली, गालांखालून हाडं वर आली. चष्मीचं मात्र फारसं काही हललं नाही. तिचा बांधाच तसा होता, बाबांवर गेलेला. चालून चालून ती चपळ झाली, पण दिसायला तशीच राहिली. “माझं मशीन स्लो आहे,” ती हसून म्हणायची. पिंपीही हसायची. आणि खरं सांगायचं तर तिला बरंही वाटायचं. आरशात दोघी शेजारी उभ्या राहिल्या की तिची नजर आधी चष्मीच्या पोटाकडे जायची, मग स्वतःच्या, आणि आत कुठेतरी गारेगार वाटायचं. जिच्या जोरावर इथवर आलो तिच्याचकडे आपण असं बघतो, हे तिला कळत होतं. कळत असूनही ती बघायची.

एका रविवारी मॅडमनी तिला काट्यावर उभं केलं. काटा पाहिला, तिला उतरवलं, पुन्हा चढवलं. मग कितीतरी वर्षांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

“पाहिलंस? हलकं पाणी!”

पिंपी काट्यावरून उतरली. “आता तो फोटो उतरव,” एवढंच म्हणाली.

मॅडम मनापासून हसल्या. “उतरव काय? आता तर तो कामाचा झाला. तुझा ‘नंतर’चा फोटो काढायचा, दोन्ही शेजारी शेजारी. आणि खिडकीत किती जण बघणार? मी बसच्या पाठीची जागा घेतलीय. या मार्गावरच्या सगळ्या बस. मोठ्ठा लावायचा, मागच्या गाडीवाल्याला वाचता आला पाहिजे.”

“तू म्हणाली होतीस, बारीक झालीस की काढते!”

“अगं, नुसत्या बारीक मुलीकडे बघून कोण जिना चढतं? जिना चढतात ते जाडीकडे बघून.” मॅडमनी तिची हनुवटी उचलली. “रडू नकोस, डोळे सुजतील, फोटो आहे तुझा.”

पिंपी रडली, ओरडली, दार आपटलं, जेवली नाही. नर्सबाईंनी जेवण सोडायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पण नर्सबाईंच्या अंगाची जाहिरात बसवर लागणार नव्हती. दुसऱ्या दिवशी मॅडमनीच तोडगा काढला. त्या धंद्याच्या बाबतीत कुणाचाही दुस्वास करत नसत, लेकीचासुद्धा नाही.

“मला ‘आधी’ पाहिजे. ती तूच असली पाहिजेस असा माझा हट्ट नाही. छपाईला द्यायच्या आत दुसरी आण, तुझा उतरवते. खिडकीतलाही. पण चेहरा गोड हवा हं. दुःखी, पण गोड. बघणाऱ्याला कीव आली पाहिजे, किळस नको.”

विचार करायला पिंपीला वेळ लागला असता, तर तिच्याबद्दल जरा बरं बोलता आलं असतं. वेळ लागला नाही. आईचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिच्या डोळ्यांसमोर चष्मी उभी राहिली होती.

“मामा आपला दोघींचा फोटो काढणार आहे,” तिनं बसमध्ये सांगितलं. “मैत्रिणींचा. फुकट.”

“खरंच?” चष्मीला फोटो काढायची हौस होती आणि काढणारं कुणी नव्हतं. “बाबा, ऐकलंत? स्टुडिओतला फोटो!”

“मग एक प्रत मला हवी,” पुढून बाबा म्हणाले. “इथे काचेला लावतो. येणारे-जाणारे बघतील माझ्या पोरीला.”

पिंपी खिडकीबाहेर बघत राहिली. अजूनही तोंड उघडता आलं असतं. तिनं उघडलं नाही.

स्टुडिओत मामानं दोन निळे शर्ट काढून ठेवले होते, दोन्ही एकाच मापाचे. “मैत्रिणी-मैत्रिणी, एकसारखे कपडे!” तो म्हणाला आणि एकटाच हसला. पिंपीच्या अंगात शर्ट मोकळा बसला. चष्मी पडद्याआडून बाहेर आली ती बटणं धरूनच.

“हा मला घट्ट होतोय गं.”

“फोटोत कळत नाही,” पिंपी म्हणाली.

मॅडम कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. कशाला, ते चष्मीनं विचारलं नाही. मैत्रिणीची आई आहे, बसली असेल. मामानं पाण्याचा जग भरला आणि भाचीच्या हातात दिला. पिंपीला सगळं ठाऊक होतंच. तिनं तो जग चष्मीच्या पुढे धरला.

“पी.”

“एवढं? तहान नाहीये मला. नर्सबाई म्हणाल्या होत्या ना, उगाच ओतायचं नाही—”

“पी गं. पाण्यानं चेहऱ्यावर तेज येतं.”

चष्मीनं तिच्याकडे पाहिलं. इतके महिने या हातांतून ती पाणी पीत आली होती. तिनं जग तोंडाला लावला आणि मध्ये दोनदा दम खात सगळा रिकामा केला. शेवटी तोंड पुसून म्हणाली, “आता हसवू नका हं, नाहीतर इथेच सगळं बाहेर येईल.” मॅडमसुद्धा हसल्या.

“चष्मा काढ,” मामा म्हणाला. “काचेवर लाइट चमकतो.”

चष्मा काढल्यावर चष्मीला समोरचं काही दिसेना. ती डोळे बारीक करून, मान पुढे काढून कॅमेरा शोधू लागली आणि तिचा चेहरा गोड आणि दुःखी झाला. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

“श्वास सोड,” मामा म्हणाला. “खांदे सैल सोड.”

“पिंपी, पोट दिसत नाहीये ना माझं?”

“नाही,” पिंपी म्हणाली.

आणि मग तिनं एक गोष्ट केली, जी तिला कुणी सांगितली नव्हती. चष्मीच्या पाठीमागून हात नेऊन तिनं तो तिच्या पलीकडच्या खांद्यावर ठेवला आणि तिला जवळ ओढलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित तिला लाज वाटली असेल. चष्मी हसायच्या बेतात आली तेवढ्यात मामानं बटण दाबलं.

घरी संगणकावर मामानं फोटोच्या बरोबर मधोमध एक पांढरी रेघ ओढली. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. निळा शर्ट इकडे, निळा शर्ट तिकडे. मॅडमना एकच गोष्ट खटकली.

“ही बोटं कुणाची इकडे?”

चष्मीच्या खांद्यावर पिंपीची चार बोटं राहिली होती.

“काढता येतील, पण खांदा वेडावाकडा होतो,” मामा म्हणाला. “राहू दे ताई. कुणीतरी आधार देतंय असं वाटतं. तुझ्या केंद्राचाच हात समज.”

मॅडमना ते पटलं. त्यांनी शब्दही पाळला. त्याच दिवशी काचेतली पिवळ्या शर्टातली पिंपी उतरली. तिची सुरळी करून माळ्यावर टाकली, आणि पिंपी रस्त्यावर उभी राहून त्या रिकाम्या काचेकडे कितीतरी वेळ बघत राहिली. काचेत आता तिचं खरंखुरं प्रतिबिंब दिसत होतं. तिला आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता, हेच वाईट.

बसचे फोटो लागले त्या सकाळी ती थांब्यावर लवकर येऊन उभी राहिली. थांब्यावर शाळेची मुलं होती, कामाला निघालेली माणसं होती, पिशवी घेतलेली एक जाडशी बाई होती. बस वळणावर दिसली. पिंपीनं नेहमीसारखा हात वर केला.

हॉर्न वाजला नाही.

बस थांबली, दार उघडलं. चष्मीचे बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. त्यांच्या मागच्या सीटवर दप्तर नव्हतं. जागा धरलेली नव्हती. चष्मी दारात पायरीवर उभी होती, चष्म्यातून सगळं नीट दिसत असलेली.

“बाबांनी डेपोत पाहिलं,” ती म्हणाली. “दुसरी बस मागितली त्यांनी. दुसऱ्या बसवरही मीच होते.”

“चष्मे, ऐक ना, आई म्हणाली की—”

“मला वाटलं, तुझ्या मामानं फसवलं आपल्याला. दोघींना.” चष्मी तिचा हात बघत होती, चेहरा नाही. “मग ती बोटं पाहिली. तुला माहीत होतं ना?”

मागची मुलं ढकलत होती. पिंपीनं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि आश्चर्य म्हणजे तिला नाही म्हणवेना. चष्मीनं दप्तरातून स्टीलची बाटली काढली, तिच्या हातात ठेवली आणि आत जाऊन पार शेवटच्या सीटवर बसली. मुलं पिंपीला ओलांडून चढली. दार लागलं. पिंपी खालीच राहिली.

बस पुढे सरकली आणि तिची पाठ दिसली. मोठ्ठी, मागच्या गाडीवाल्याला वाचता येईल एवढी. डावीकडे चष्मी, ताणलेल्या बटणांची, डोळे बारीक करून कुणालातरी शोधणारी. उजवीकडे पिंपी, मोकळ्या शर्टात, सुंदर. ती खरंच सुंदर दिसत होती. वरच्या मागच्या काचेत खऱ्या चष्मीचं डोकं दिसत होतं, पाठमोरं. बस दूर जाईपर्यंत ते वळलं नाही.

थांब्यावरच्या जाडशा बाईनं बसकडे पाहिलं, मग पिंपीकडे, मग पुन्हा बसकडे. तिचा चेहरा उजळला.

“अगं बाई! तूच ना ती?” ती लगबगीनं जवळ आली. “कुठल्या कुठे पोचलीस गं! माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, घराबाहेर पडत नाही बिचारी. मला खरं सांग, काय केलंस तू?”

पिंपीच्या हातातली बाटली भरलेली होती. चष्मीनं ती नेहमीसारखीच भरून आणली होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “पाणी प्यायले.” आणि तिनं त्या बाईला आईच्या केंद्राचा जिना दाखवला.